आक्काचा दगड आणि माझा शेंदूर

आमच्या आक्काला झाडाचा दगड बघायचा होता आणि मला नव्या वहाणा मिरवायच्या होत्या. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही बहीणभाऊ कोल्हापूर सोडून शाहूवाडीच्या रानाकडे निघालो, ते असे दोन वेगळे हेतू घेऊन. त्यातला एक हेतू शहाणपणाचा होता. तो माझा नव्हता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जयसिंगपूरच्या एका शाळेत तिनं सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात काढली. दरवर्षी जीवाश्मांचा धडा आला, की ती फळ्यावर झाडाचा बुंधा काढायची, त्यात वर्तुळं काढायची आणि मुलांना सांगायची, की लाकूडसुद्धा दगड होतं. लाकूड गाळात रुततं, त्याच्या कणाकणाची जागा खनिजं घेतात. लाकूड जातं, पण त्याची ठेवण तशीच राहते. असा दगड तिनं संग्रहालयात काचेमागं पाहिला होता. पण ती म्हणते, "काचेमागं ठेवलं, की वाघ काय आणि दगड काय, दोन्ही सारखेच गप्प." जिथं तो मुळात पडला, तिथं जाऊन बघायचं तिच्या मनात होतं, आणि तेवढंच राहून गेलं होतं.

यंदा शिमगा झाल्यावर तिच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला फोनवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाई, माझ्या मामाच्या गावच्या देवराईत असा दगड दिसला. तुमचा धडा आठवला.' (देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथं कुऱ्हाड चालत नाही.) फोटो हलला होता. एक काळसर, कमरेएवढा दगड आणि त्यावर वाकड्या रेषा, एवढंच दिसत होतं. पोरगा फोटो पाठवून पुण्याला नोकरीवर निघून गेला आणि इकडं आक्काची झोप गेली. ती तो फोटो दोन बोटांनी मोठा करायची, लहान करायची आणि फोन ठेवून द्यायची.

"यावरून काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "आपल्याकडच्या काळ्या दगडाला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्यानंही अशी वर्तुळं दिसतात. जवळून बघितल्याशिवाय लाकूड आहे का दगड, कळायचं नाही."

"दगडच आहे की. तुझ्याच धड्यात आहे," मी म्हणालो.

"बाळू, तू गप बस."

तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पावसाळ्याच्या तोंडावर ठरलेलं होतं. पावसात अभयारण्याच्या वाटाही बंद होतात. "गुडघे नवीन बसवल्यावर मी चालेन, असं डॉक्टर म्हणतात," आक्का म्हणाली. "डोंगर चढेन असं कुणीच म्हणत नाही. मला आत्ता नेतोस का, तेवढं सांग."

माझं रंगाचं दुकान आहे. घरांना लावतात तो रंग. त्यामुळं माझी जुनी गाडी म्हणजे चाकावरचा टर्पेंटाइनचा डबाच. त्यात बसून आम्ही निघालो. आक्कानं पायात कॅनव्हासचे बूट घातले होते आणि मलाही तेच सुचवलं होतं. पण मी नुकत्याच कापशी वहाणा बनवून घेतल्या होत्या, चालताना कर्र-कर्र वाजणाऱ्या. हा आवाज चुकून येत नाही. कारागीर तो मुद्दाम बसवतो, आणि वहाण वाजली नाही तर आमच्याकडं माणूस ती परत नेऊन देतो. शर्टही पांढरा, इस्त्रीचा. अभयारण्यात माझं काय लग्न होतं, देव जाणे.

जोतिबाचा डोंगर उजवीकडं आला, तसे आक्कानं बसल्या जागी हात जोडले. वाघबीळ मागं पडलं आणि रस्ता हळूहळू डोंगराच्या कुशीत शिरायला लागला. भाताची खाचरं रिकामी होती. तरव्यासाठी (भाताची रोपं तयार करायच्या वाफ्यासाठी) भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन अधूनमधून दिसत होते. बांबवड्यात आम्ही कटवडा खायला थांबलो. कट म्हणजे तिखट लाल रस्सा, आणि तो वड्यावर ओतायचा असतो. मी तो वड्यावर ओतला, थोडा शर्टावर ओतला. आक्कानं रुमाल काढून दिला.

मलकापूरच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत गेलो आणि अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो. फाटकाजवळ एक माहिती केंद्र होतं. भिंतीवर पक्ष्यांची चित्रं आणि टेबलावर प्राण्यांच्या पावलांचे प्लास्टरमधले ठसे. मातीत उमटलेल्या पावलात प्लास्टर ओतून काढलेले. बिबट्याच्या ठशावर मी हात ठेवून बघितला, तर माझा हात मोठा निघाला. मी तो समाधानानं आक्काला दाखवला.

"खळगा होता तिथं उंचवटा येतो," ती शिकवायच्या सुरात म्हणाली. "पाऊल गेलं, आकार राहिला. जीवाश्मही कधीकधी असाच होतो." मग एकदम थांबून हसली. "बघ, फाटकातच धडा सुरू केला मी."

वाटाड्या सोबत घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमच्या वाट्याला सर्जेराव आले. चाळिशीचे, बोलणं खणखणीत. नमस्कार करून त्यांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं.

"पावणं, ह्या घालून येनार?"

"अस्सल कापशी आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय की. ऐकायलाबी येतंय. गवा बघायचाय, का गव्याला कळवायचंय, आमी आलोय म्हनून?"

"मी घरीच सांगितलं होतं," आक्का म्हणाली.

"बाई, तुमचे बूट बेस हायेत. तुमी माझ्या मागं चला. ह्यास्नी लांबनं येऊ द्या."

अशा रीतीनं मी माझ्याच सहलीत शेपटीला लागलो. वाट सुरुवातीला सपाट होती. जांभळीच्या, अंजनीच्या दाट सावलीतून जाणारी, पालापाचोळ्यानं भरलेली. पाचोळ्यावर वहाण वाजणार नाही, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या वळणापर्यंत टिकली. पुढं आक्का आणि सर्जेराव मान वर करून काहीतरी बघायला थांबायचे, मी कर्र-कर्र करत जवळ पोचायचो आणि ते काहीतरी उडून जायचं. एक शेकरू (मोठी, तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची खार) मला फक्त शेपूट दाखवून गेलं. धनेश पक्ष्याचे पंख ऐकू आले, पक्षी दिसला नाही.

"आज रानात समद्यांनी सुट्टी घेतलीया," सर्जेराव म्हणाले.

शेवटी मी वहाणा काढून हातात घेतल्या. अनवाणी चालणं ही आमच्या आजोबांना रोजची गोष्ट होती, मला नव्हती. करवंदीचा काटा कसा असतो, हे मला नीट समजावून सांगण्यात आलं. दोन्ही पायांना.

चढ सुरू झाला तशी आक्का मंदावली. दर थोड्या अंतरावर ती काठीवर भार देऊन उभी राहायची आणि 'हे कुठलं झाड?' असं विचारायची. झाडांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. ती दम खात होती, हे सर्जेरावांनाही कळत होतं. तेही प्रत्येक झाडाचं नाव, त्याचा औषधी उपयोग आणि त्याखाली कोण कधी पडलं होतं, हे सगळं लांबण लावून सांगायचे.

वाटेत एका जागी हिरव्या डहाळ्यांचा ढीग दिसला. सर्जेरावांनी एक डहाळी मोडून त्यावर ठेवली. "हितनं म्होरं थोरल्या देवाचं रान. हितलं वाळकं पान बी घरी न्ह्यायचं न्हाय. आनि हितं लबाडी बोलायची न्हाय."

"बोलली तर?"

"बोलून बगा की."

आक्कानं डहाळी ठेवली, मीही ठेवली. वळण घेतलं आणि सर्जेरावांनी हात आडवा केला.

वाटेवर गवा उभा होता. मी आधी गव्याचे फोटो पाहिले होते. फोटोत तो मोठी म्हैस वाटतो. तिथं तो वाटेएवढा होता. म्हणजे वाट संपत होती तिथं तो सुरू होत होता. काळा कुळकुळीत, खांद्याचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर, आणि चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यानं मान खाली करून आमच्याकडं बघितलं आणि नाकातून जोरात फुसकारा टाकला.

"हालू नका," सर्जेराव कुजबुजले. "आनि बोलू नका."

मी हाललो नाही. पण तोंड माझं ऐकत नाही, ही जुनी गोष्ट आहे. आक्का पुढं होती, काठी टेकून उभी, आणि तिला पळता येणार नाही, हे मला एकदम लख्ख दिसलं. रानात तेव्हा मला एकाच देवाचं नाव माहीत होतं. "थोरल्या देवा," मी म्हणालो, "माझ्या बहिणीला धड घरी जाऊ दे, तुला अंगभर शेंदूर लावीन. कुठं मोकळा ठेवणार नाही."

हे मी मनात म्हणालो, असं मला वाटत होतं. कोल्हापुरी माणसाचं मनात म्हणणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

गव्यानं कान हलवला. त्याच्या मागून एक गाय आणि तिचं वासरू वाट ओलांडून खाली उतरलं. ती दोघं झाडीत गेल्यावर तोही शांतपणे वळला आणि गेला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"त्येला पोराबाळांची काळजी हुती," सर्जेराव म्हणाले. "तुमच्यात त्येला काय बघायचं नव्हतं. पर नवस पक्का बोललाय तुमी पावणं. अंगभर."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"गव्याला बी आलं."

आक्का हसत होती. मग तिनं माझा दंड धरला आणि पुढचा चढ आम्ही तसेच चढलो.

वर सडा लागला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा जांभा कातळ. मेच्या उन्हात तो तव्यासारखा तापला होता, म्हणून मी वहाणा पुन्हा घातल्या. इथं माझ्या कर्र-कर्रला हरकत घेणारं कुणी नव्हतं. सड्याच्या पलीकडच्या उतारावर देवराई होती. बाहेर रखरख आणि आत पाऊल टाकलं, की थंड, ओलसर अंधार. जाड वेली, शेवाळलेली मुळं आणि मध्ये थोडी झाडून स्वच्छ केलेली जागा.

तिथं एक म्हाताऱ्या बाई झाडू मारत होत्या. पूजेचा मान त्यांच्या गुरव घराण्याकडं. नवरा गेल्यापासून पूजा त्याच करतात. नाव हौसाबाई. आणि त्यांच्यासमोर होता थोरला देव. कमरेएवढा, डोक्यापासून पायापर्यंत भगवा, शेंदरानं गुळगुळीत झालेला, चांदीचे दोन डोळे बसवलेला. मी भक्तिभावानं हात जोडले. त्यानं माझं काम केलं होतं.

आक्कानं फोन काढला. "सर्जेराव, आम्हाला हा दगड बघायचाय. इथंच आहे म्हणतात."

सर्जेरावांनी फोटो बघितला. मग देवाकडं बघितलं. मग पुन्हा फोटो. "बाई, ह्यो थोरला देवच की. शिमग्यात कवच उतरलंतं, तवाचा फोटू दिसतोय."

शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात आणि कधीतरी जड होऊन आपसूक गळून पडतात. त्याला कवच उतरणं म्हणतात. माझ्या धंद्यातलं सांगायचं, तर आतून ओल धरली, की रंगाचा पोपडा सुटतो, तसंच. तेव्हा काही दिवस देव उघडा होता. मग चैत्रात जत्रा झाली, मुंबई-इचलकरंजीला कामाला गेलेली सगळी माणसं आली आणि प्रत्येकानं हात भरभरून शेंदूर लावला.

आक्का पुढं झाली. काठी टेकत ती देवाभोवती एक फेरी मारून आली. मागच्या अंगाला, खाली, वेलीच्या मुळाआड तळहाताएवढी जागा कोरी राहिली होती. हात सहज पोचत नसावा तिथं. आक्का हळूहळू, एकेक गुडघा मोडत जमिनीवर बसली. ते बघताना मलाच कळ आली. तिनं चष्मा पुसला, वाकली आणि बराच वेळ बघितलं.

"झिजलंय," ती म्हणाली. "काहीच दिसत नाही. हा कुठलाही दगड असू शकतो."

"शेंदूर जरा खरवडला तर?" मी सर्जेरावांच्या कानात विचारलं. अर्थातच ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हौसाबाईंनी झाडू थांबवला. "तुमच्या घरी पावणं आलं आनि म्हनलं, जरा कातडं बाजूला करा, आत काय हाय बघू द्या, तर चालंल का?"

"न्हाय, मावशी," आक्का चटकन म्हणाली. "हा असंच बोलतो. खरवडायचं नाही."

"आनि मावशे," सर्जेराव आनंदानं म्हणाले, "ह्या पावण्यांचा नवस हाय. अंगभर शेंदूर. कुठं मोकळा ठेवनार न्हाय, असं बोलल्यात."

आता माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. अंगभर म्हणजे तो तळहाताएवढा तुकडाही आला. आक्का ज्याच्यासाठी गुडघे झिजवत आली, त्याचा उरलेला डाग मी माझ्या हातानं बुजवायचा होता. तोही तिच्याच जिवासाठी बोललेल्या नवसापायी. आयुष्यात मी बऱ्याच खोल्या चुकीच्या रंगात रंगवल्या आहेत, पण असा घोळ पहिलाच.

"नारळ फोडला तर चालेल का?" मी विचारलं.

"काय बोलला हुता?" हौसाबाई.

"शेंदूर."

"मग नारळ कुठनं आला मधीच?"

"मनातल्या मनात बोललो होतो हो मी."

"मनात बोलला असता तर तुमचं तुमी आनि देवाचं देवानं बघितलं असतं. तुमी तर रानाला ऐकवलंया." त्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला. "तेल आनि शेंदूर हाय माझ्याजवळ. आदी भाकरी खावा. उपाशी मानसानं नवस फेडू नये, हात कापतोय."

भाकरी नाचणीची होती, सोबत खर्डा (तव्यात भाजून रगडलेली हिरवी मिरची) आणि मडक्यातलं ताक. मी खाली मान घालून खात होतो. आक्का फणसाच्या मुळावर टेकून बसली होती, भाकरीचा तुकडा तसाच हातात. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं, की ती रागवायची नाही, खिडकीबाहेर बघायची. आत्ता तशीच बघत होती.

तिच्या बाजूला एक वेताचं डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उपडं ठेवलेलं होतं. त्याच्या कडेतून काहीतरी भगवं डोकावत होतं.

"हे काय, मावशी?"

"त्येच कवच. शिमग्यात उतरलेलं. वड्याला पूर आला, की पयल्या पुराच्या पान्यात सोडायचं. तवर झाकून ठेवतो."

"हात लावला तर चालेल?"

"लावा की. देव न्हवं आता ते. देवाचा जुना सदरा हाय."

हौसाबाईंनी डालगं उचललं. परातीएवढा, बोटभर जाडीचा तुकडा. बाहेरून गुळगुळीत, जागोजागी बेगडाचे कपटे चिकटलेले. मला त्यात जुन्या दाराच्या पोपड्यापलीकडं काही दिसलं नाही. आक्कानं दोन्ही हातांनी तो उचलला आणि उलटा केला.

झाडीतून उन्हाचा एक कवडसा खाली येत होता. तिनं तो तुकडा हळूहळू त्या उजेडात तिरका केला. आतल्या बाजूला रेषा होत्या. एकीच्या आत एक, कमानीसारख्या वाकलेल्या, काही दाट, काही विरळ. आणि एका जागी त्या रेषा एका लहान फुगवट्याला वळसा घालून जात होत्या, जसं ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं.

आक्कानं त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. "गाठ," ती हळू म्हणाली. "इथून फांदी फुटली होती. बाळू, कांद्याच्या पापुद्र्याला फांदी फुटत नाही."

मीही बोट फिरवलं. बिबट्याचा ठसा आठवला. दगडात खळगा होता, तिथं इथं उंचवटा. फाटकातला धडा ती स्वतःसाठीच देत होती आणि आम्हा दोघांना ते ठाऊक नव्हतं. लाकूड जाऊन दगड राहिला आणि दगडावरून शेंदरानं ठसा उचलला.

तिनं मग तुटलेली कड दाखवली. तिथं थरावर थर दिसत होते. बाहेरचे चकचकीत भगवे. आतले विटकरी, काळपट. "हा रंग आता मिळत नाही," मी म्हणालो. तेवढं एकच मला कळत होतं. दोन थरांच्या मध्ये एक बेलाचं पान अडकलं होतं, सपाट, शिरा न् शिरा शाबूत. आमच्यापैकी कुणाच्याही जन्माआधी कुणीतरी ते वाहिलं असेल आणि मागून दुसऱ्या कुणाच्या तरी नवसानं ते झाकलं असेल.

हौसाबाई जवळ येऊन वाकून बघत होत्या. "आतनं कवा बघितलंच न्हाय आमी. उतरलं की झाकायचं, येवढंच ठावं." त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "म्हंजे देव झाड हुता?"

"लई लई वर्षांमागं, मावशी. माणूस नव्हता तेव्हा."

"मग त्येला पुजत कोण हुतं?"

आक्का हसली. हौसाबाईंनी मान हलवली. "एकलाच हुता म्हना की," त्या म्हणाल्या आणि वाटीत शेंदूर कालवायला गेल्या.

मी बाह्या वर केल्या. धंद्याची सवय, म्हणून तोंडातून गेलं, "ब्रश आहे का?"

"हातानं लावायचा," हौसाबाई म्हणाल्या. "नवस काय ब्रशनं बोलला हुता?"

वरून खाली, एकसारखा, कुठं ओघळ न येऊ देता मी हात मारत गेलो. सर्जेराव बाजूला उभे राहून 'हितं ऱ्हायलं', 'तितं ऱ्हायलं' करत होते. गिऱ्हाईक असंच असतं. मागच्या बाजूला आलो. वेलीचं मूळ सरकवलं, खाली वाकलो आणि तिथंच थांबलो. तळहाताएवढा दगड समोर होता. मी आक्काकडं बघितलं.

"लाव," ती म्हणाली.

"मग हे परत कुणाला दिसणार नाही, आक्का."

"गाळानं झाकलं, वरून लाव्हानं झाकलं, म्हणून ते राहिलं. उघडं पडलं असतं, तर तेव्हाच कुजून गेलं असतं." ती काठी टेकत जवळ आली. "आणि आता उघडं ठेवलंस, तर माझ्यासारखं कुणीतरी येईल, आणि त्याच्या खिशात छिन्नी असेल. लाव. अंगभर म्हणालास ना?"

मी तळहात शेंदरात बुडवला आणि त्या जागेवर दाबला. हात काढला तर पाचही बोटं उमटली होती. ती पुसून एकसारखं करावं असं कारागिराच्या मनात आलं. मी तसंच ठेवलं.

उतरताना वहाणा मी आपणहून हातात घेतल्या. हात शेंदरी होते, त्यामुळं त्याही शेंदरी झाल्या. फाटकाशी सर्जेरावांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. शर्टावर रस्सा, वहाणांवर शेंदूर, पायांत काटे. "पावणं," ते म्हणाले, "रानातनं काय बी न न्हेता रंगून चाललेलं तुमीच पयलं." आक्का गाडीत बसली ती मलकापूर यायच्या आत झोपली. फोटो आल्यापासून ती अशी झोपली नव्हती.

शेंदूर माझ्या तळहाताच्या रेषांत बरेच दिवस टिकला. टर्पेंटाइननं धुतला, रॉकेलनं धुतला. गिऱ्हाइकं विचारायची, कुठला रंग हा, कंपनी कुठली? इतका पक्का मला माझ्या दुकानात दाखवता आला नाही. त्या कवचाच्या तुकड्याबद्दल मी अधूनमधून विचार करायचो. मी रंग विकतो तो खालचं लपवण्यासाठी. भिंतीला ओल असो, भेग असो, दोन हात मारले की झालं. झाकलेलं खालून आपला आकार वरच्याला देत राहतं, हे मला या वयात, तेही नवसाच्या शेंदरानं शिकवलं.

आक्काचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडंच राहायला आली. बाहेर पाऊस धरून होता. ती वॉकर घेऊन हॉलमध्ये चालायचा सराव करत होती, तेवढ्यात सर्जेरावांचा फोन आला.

"पावणं, वड्याला पानी आलं. कवच सोडलं आज. पर सोडायच्या आदी मावशीनं समद्या वाडीला बोलावून उलटं करून दाखवलं. गाठ बी दाखवली. बाईस्नी सांगा."

मी फोन आक्काच्या कानाला लावला. ती वॉकरला धरून उभीच राहिली.

"तरंगलं का बुडालं?" तिनं विचारलं.

"न्हाय वो बाई, लगीच बुडालं. वळणावर, डोहात. तितं लई गाळ हाय, काय घावायचं न्हाय आता."

"बरं झालं," आक्का म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन तिनं वॉकर पुढं सरकवला. "गाळात गेलं म्हणजे राहील."